पहिला कोण बिचकला?

दिवाळी सरली की पैनगंगेचं पाणी निवळतं. जैनथच्या उत्तरेला ही नदी म्हणजेच हद्द. अलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा, पलीकडे यवतमाळ. डोल्लाऱ्याच्या पुलाजवळ गुडघाभर पाण्यात बोटभर लांबीच्या चंदेरी माशांचे थवे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. वरून घारीची सावली सरकली की अख्खा थवा एकाच वेळी वळल्यासारखा दिसतो, पाण्यात क्षणभर लख्ख होतं आणि जागा रिकामी. खरंच सगळे एकाच वेळी वळतात का, पहिला कोण बिचकतो आणि बाकीचे त्याचं का ऐकतात, यावर एका घरातल्या दोघांचा वाद झाला तो पुढे देतो. मामा भोई, जाळं टाकण्यात हयात गेली. भाची नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. मामांची बोली सुधारलेली नाही. सुधारली असती तर वादातला अर्धा जोर गेला असता.

मामा : तुह्या पुस्तकात काय लिवलं ते मले म्हाईत नाही. पन जाळं उजव्या अंगानं येते अन् डाव्या अंगाचा मासा पळते, हे मी जन्मभर पायलं. त्याच्या अन् जाळ्याच्या मधात पन्नास मासे असतात. त्याले जाळं दिसन कसं? म्हंजे झुंडीले एकच जीव असते.

भाची : एक नाही, मामा. पन्नास जीव असतात आणि प्रत्येकाला आपली पडलेली असते. डाव्या अंगाच्या माशाला जाळं दिसत नाही, उडालेला शेजारी दिसतो. पण आधी उजव्या अंगाच्या माशाचं बघू. त्याला तरी जाळं म्हणजे काय हे कुठे ठाऊक आहे? त्याला एक काळा डाग दिसतो आणि तो डाग वाढत जातो.

मामा : डाग तं ढगाचाबी पडते.

भाची : ढगाने उजेड कमी होतो, पण डाग फुगत नाही. फरक तिथेच आहे. झेब्राफिश नावाचा मासा आहे, आपल्याकडच्याच ओढ्या-ओहोळांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिलं, १८२२ साली, त्यात त्याचं पहिलं वर्णन आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तोच पाळतात. म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत त्याच्या पिल्लांना पडद्यावर काळं वर्तुळ दाखवलं. वर्तुळ फुगवत नेलं की पिल्लू उडालंच. तेच वर्तुळ लहान करत नेलं, नाहीतर नुसता उजेड कमी केला, तर तसं उडत नाही. २०१५ साली हे छापून आलं. अंगावर येणारी वस्तू डोळ्यात कशी वाढते, ते ओळखणारी यंत्रणा पिल्लाच्या मेंदूत जन्मल्यापासून असते. शिकवावं लागत नाही.

मामा : काचेच्या भांड्यातली पिल्लं. त्याइले नदी कुठं ठाऊक?

भाची : नदी ठाऊक नाही म्हणूनच तर कळलं की हे नदीने शिकवलेलं नाही. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात दोन मोठ्या चेतापेशी असतात, एक डावी, एक उजवी. लुडविग माउथनरने १८५९ मध्ये त्या शोधल्या, म्हणून नावही त्याचंच. एका बाजूची पेशी एकदा पेटली की दुसऱ्या बाजूचे स्नायू आखडतात, मासा अर्धचंद्रासारखा वाकतो आणि सुटतो. यात विचार करायला सवडच नसते. आणि मामा, तुमचं फेकजाळं म्हणजे तोच प्रयोग. हवेत उघडत, फुगत येणारं काळं वर्तुळ.

हे मात्र खरं. मामांना जाळं टाकताना मी जवळून पाहिलं आहे. दोराचा फास डाव्या मनगटात, जाळ्याचा एक हिस्सा कोपरावर, काठ दातांत धरलेला. कमरेतून अंग फिरतं, दात सुटतात, जाळं हवेत गोल उघडतं आणि काठाचे शिशाचे मणी पाण्यावर एकाच वेळी पडतात. एकाच वेळी पडले तर एकच आवाज होतो. तुटक आवाज आला तर मामा जाळं ओढायच्या आधीच शिवी देतात, कारण गोल पडलेलं नसतं आणि मोकळ्या अंगाने मासे गेलेले असतात.

मामा : तू म्हणते तसा नुसता डागाचा खेळ असता, तं मी उभ्यानं गेलो काय अन् बसून गेलो काय, सारखंच असतं. पन उभ्यानं पान्यात शिरलं की दहा पावलांवरून झुंड सरकते. म्हनून मी वाकून, बसून जातो. अन् सूर्य पाठीशी नाही घेत, नाहीतर माही सावली माह्या आधी पोचते. मासा मानूस वळखते, बाई.

भाची : माणूस ओळखत नाही, उंची ओळखतो. पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत दिसतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे डोक्यावरच्या साधारण ९७ अंशांच्या खिडकीत अख्खं आकाश, काठ, झाडं, सगळं मावतं. खिडकीबाहेर फक्त तळाचं प्रतिबिंब. जे पाण्याच्या पातळीलगत आहे ते खिडकीच्या कडेला चेपलेलं दिसतं. तुम्ही बसून गेलात की कडेला चेपलेले राहता. उभे राहिलात की खिडकीच्या आत येता, आणि चालत आलात की वाढत येता.

मामा : म्हंजे मी चौकटीआड लपतो म्हन की.

भाची : हो, तसंच.

मामा : मग हे मले आधीच ठाऊक होतं. तू फक्त अंश सांगितले.

(इथे मामांना हसू आवरेना. भाचीलाही.)

मामा : आता डाव्या अंगाच्या माशाचं बोल. त्याले कोनी सांगतलं? माहं म्हननं, झुंडीले म्होरक्या असते. तो वळला की सगळे वळतात.

भाची : म्होरक्या नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात २०१५ साली गोल्डन शायनर या अमेरिकी माशांचा अभ्यास झाला. दीडशे मासे एका उथळ टाकीत, वरून कॅमेरा. मधूनच एखादा मासा कारण नसताना उडतो, तुम्हीही पाहिलं असेल. मग संगणकावर प्रत्येक माशाच्या डोळ्यातून रेषा काढल्या आणि कुणाला कोण दिसत होतं ते ठरवलं. पाण्यातून एकमेकांना ढकलल्याने उडण्याची लाट पसरत नाही, नजरेतून पसरते. आणि निघालं काय, तर ज्या माशाचे शेजारी थोडे पण त्यांच्याशी नजरेचं नातं घट्ट, त्याच्या उडण्याचा प्रभाव सगळ्यात जास्त. दुसरा उडाला तर लवकर उडणाराही तोच. सगळ्यांना दिसणारा, मधोमधचा मासा पुढारी ठरला नाही.

मामा : थोडे शेजारी म्हंजे कडेचे.

भाची : सरसकट तसं नाही, पण कल तिकडे आहे असं धरा.

मामा : मी कडेच्या माशावरच नजर ठेवतो. मधला काहीच सांगत नाही, त्याच्या चारी बाजूंनी मासेच मासे. पन एकाचं पाहून दुसरा, दुसऱ्याचं पाहून तिसरा, असं व्हाले वेळ लागत असन ना? जाळं तवर डोक्यावर येते.

भाची : लाट माशापेक्षा वेगाने जाते. प्रत्येकाला शेवटापर्यंत पोहून जायचं नसतं, फक्त शेजाऱ्याला दिसायचं असतं. गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या पाणकिड्यांवर दोन इंग्रज संशोधकांनी १९८१ मध्ये हेच दाखवलं. खोटा शिकारी जितक्या वेगाने येत होता त्याहून बिचकण्याची लाट वेगाने पुढे गेली. त्याला त्यांनी ‘ट्रफाल्गर परिणाम’ असं नाव दिलं. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईआधी नेल्सनच्या गलबतांनी निशाणं दाखवत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवला होता, त्यावरून.

मामा : निशान दाखवनारा आपल्या मानसाइले वाचवाले दाखवते. मासाबी तसंच करते. तेच तं मी म्हनतो.

भाची : तेच तर नाही! मासा निशाण दाखवत नाही, तो पळतो. त्याचं पळणं दुसऱ्याला दिसतं, एवढंच. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक कल्पित गोष्ट मांडली. गोल तळं, काठावर बेडूक बसलेले, तळ्यात साप. साप वर येईल तिथल्या सगळ्यात जवळच्या बेडकाला खाणार. मग प्रत्येक बेडूक काय करतो? दोन बेडकांच्या मधल्या फटीत उडी मारतो, म्हणजे धोका त्या दोघांवर जातो. सगळे असंच करत गेले की शेवटी बेडकांचा ढीग होतो. बाहेरून बघणारा म्हणतो, वा, काय एकी! आत एकी नाहीच, प्रत्येकजण दुसऱ्याच्या आड लपतोय.

मामा : जैनथच्या जत्रेत लक्ष्मीनारायनाच्या देवळापुढं अशीच गर्दी होते. एकानं ‘साप’ म्हटलं की लोक चेंगरतात. तुहे बेडूक तं चेंगरून मेले असते. मासे चेंगरत नाहीत. हजार मासे एका दमात वळतात, एकाचं डोकं दुसऱ्याले लागत नाही. हे नुसत्या आपमतलबानं होते का?

हा प्रश्न बिनतोड होता आणि भाची थोडा वेळ गप्प राहिली. माझं मत विचाराल तर हॅमिल्टनची बेडकांची गोष्ट थवा का जमतो हे सांगते. जमलेला थवा हलतो कसा, हे सांगायचं कामच तिला दिलेलं नव्हतं. दोन वेगळे प्रश्न एका उत्तरात कोंबले की असं होतं.

भाची : नुसत्या आपमतलबाने नाही होत, हे मान्य. पण त्याला मोठी अक्कलही लागत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वेश गुत्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळच्या करीमीनचा अभ्यास केला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येक मासा सगळ्या शेजाऱ्यांची सरासरी काढत बसत नाही. एका वेळी कुठला तरी एकच शेजारी धरतो आणि त्याची दिशा उचलतो. तेवढ्यावर थवा एका दिशेला लागतो. आणि गंमत म्हणजे लहान गटात ही शिस्त जास्त असते, मोठ्यात कमी.

मामा : हे मले पटते. लहान झुंड जाळ्यात कमी सापडते. एकदम वळते. पन मग कोनी येडा उगाच उडला, तं त्याच्या मागं सगळे उडतीन. दिवसभर उडतच राहतीन. खातीन कवा?

भाची : इथे तुम्ही मुद्द्यावर आलात. शायनर माशांच्या त्या टाकीत बहुतेक वेळा एखादा उडाला तरी बाकीचे उडत नव्हते. लाट क्वचितच लांब जायची.

मामा : कारन ते त्याच्यावर इस्वास ठेवत नाहीत. मी तुले सांगतो. झुंडीवर एक खडा टाक, सगळी उडते. दुसरा टाक, अर्धी उडते. तिसऱ्याले दोन-चार मासे हालतात, बाकीचे चरत राहतात. मंग मी जाळं टाकतो.

भाची : खड्याची सवय होणं वेगळं आणि शेजाऱ्यावरचा विश्वास उडणं वेगळं. खडा तर त्यांनी स्वतः पाहिला.

मामा : पलीकडच्यानं कुठं पायला? त्याले फक्त शेजारी दिसला, असं तूच म्हटलं ना मघाशी.

भाची : ...हो. म्हटलं.

मामा : मंग?

भाची : मग तुमच्या बाजूने एक पुरावा मीच देते. ताहितीजवळ मोओरेआ बेट आहे. तिथल्या प्रवाळखडकावर मोकळ्या समुद्रात चरणाऱ्या माशांचं चित्रीकरण केलं, २०२३ मध्ये तो अभ्यास आला. धोका नसताना मासे वारंवार उडतात, पण खोटी हाकाटी पसरत नाही. कारण आजूबाजूला अलीकडे किती हालचाल दिसली त्यावरून मासा आपली नजर कमी-जास्त करतो. शेजारी सतत उडत असतील तर त्यांच्या उडण्याला किंमत कमी देतो. शांततेत एखादा उडाला तर जास्त.

मामा : खडे कशाले टाकतो ते आता समजलं तुले.

भाची : पण दुसरी बाजूही ऐका. कार्ल फॉन फ्रिशने १९३८ मध्ये दाखवलं की जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात एक द्रव्य पसरतं आणि बाकीचे घाबरतात. शायनर माशांच्या पाण्यात ते द्रव्य घातलं, २०१९ चा प्रयोग आहे. उडण्याच्या लाटा मोठ्या झाल्या. साहजिक कुणालाही वाटेल की प्रत्येक मासा जास्त भित्रा झाला. मोजलं तर तसं नव्हतं. एकेका माशाचा बिचकण्याचा स्वभाव होता तेवढाच राहिला. ते फक्त एकमेकांच्या जवळ आले. जवळ आल्याने शेजारी जास्त मोठा दिसायला लागला, आणि लाट पसरायला लागली. थव्याची भीती वाढली ती माशांच्या अंतरात, माशांच्या डोक्यात नाही.

मामा : एकमेकाले धरून राहिले म्हंजे इस्वास वाढला. तू त्याले अंतर म्हन.

भाची : अंतर मोजता येतं, मामा. विश्वास कसा मोजू?

मामा : नको मोजू. मी तरी कुठं मोजतो.

मला वाटतं, दोघं एकाच गोष्टीला दोन टोकांनी धरून ओढत होते. शेजाऱ्याचं किती ऐकायचं, हा थव्यातला खरा सौदा आहे. फार ऐकलं तर दिवस पळण्यात जातो, कमी ऐकलं तर खंड्या पोट भरतो. हेरिंग माशांवरचा १९९७ चा एक प्रयोग भाचीने नंतर सांगितला, तो इथेच बसतो. मोठ्या आवाजाला एकटा हेरिंग लवकर उडतो, पण पुष्कळदा आवाजाच्याच दिशेने. थव्यातला किंचित उशिरा उडतो, पण बहुधा योग्य दिशेने. ती किंचितशी दिरंगाई म्हणजे शेजाऱ्याला विचारण्याचा वेळ, असं मी म्हणेन. भाची असं म्हणू देणार नाही.

भाची : थव्याचा आणखी एक फायदा आहे. झडप घालणाऱ्याला एक मासा निवडावा लागतो. शेकडो सारखे, चमकणारे, सगळ्या दिशांना उडणारे मासे समोर आले की त्याची नजर ठरत नाही. नील आणि कलेन या दोघांनी १९७४ मध्ये माकुळ (स्क्विड), पाईक, पर्च अशा शिकाऱ्यांवर प्रयोग केले. गट मोठा तितकी शिकार हुकते.

मामा : खंड्याचं खरं हाय. तो एकच घेते. मी एक घेतो का?

भाची : ...नाही.

मामा : माह्या जाळ्याले निवडाचं कामच नाही. झुंड जितकी घट्ट तितकं मले सोपं. एकटा-एकटा मासा धराचा असता तं भोई उपाशी मेला असता. तुह्या त्या सगळ्या लाटा, ते शेजाऱ्याचं ऐकनं, ते जवळ येनं, सगळं खंड्यासाठी बरं. जाळ्यापुढं तेच मासे एकमेकाले घेऊन येतात.

भाची : कारण जाळं नवं आहे. खंड्या, शिवडा मासा, साप हे लाखो वर्षांचे. जाळ्याला उत्तर शोधायला माशांना वेळच मिळालेला नाही.

मामा : मिळन का?

भाची : ज्या पोटजातीत कमी घट्ट थवा करणारे जास्त वाचतील, तिथे मिळेलही. पण मग खंड्या त्यांना खाईल.

मामा : म्हंजे दोन्हीकडून मरन.

तिथे वाद संपेल असं मला वाटलं होतं. पण मामांनी हुकमाचा पत्ता राखून ठेवला होता.

मामा : तू म्हनते सगळे आपापल्यासाठी. मरळ पायली का कवा? पिल्लावाली?

भाची : वाचलंय.

मामा : वाचून नाही दिसत. पावसाळ्यात धरनाच्या काठाले, गवताच्या मधात पाय. तांबडी-तांबडी पिल्लं, शेकड्यानं, एक गोळा करून राहतात. पान्याच्या वर येतात, तोंड उघडतात, बुडबुडा सोडतात, खाली जातात. सगळा गोळा उकळल्यावानी दिसते. अन् त्याच्या बुडाशी आई. बापबी असते. तुही सावली पडली की गोळा खाली बुडते, पन फुटत नाही. अन् आई पळत नाही. हात घातला तं चावते. बेडूक आला तं त्याले खाते. ते कोनासाठी?

भाची : मरळीला हवेतून श्वास घ्यावा लागतो, पिल्लांनाही थोडी मोठी झाली की. म्हणून धोका असला तरी त्यांना पुन्हापुन्हा वर यावंच लागतं. एकत्र वर येण्यात एकेकाचा धोका कमी. हवा घेणारे मासे मिळून एकाच वेळी वर येतात यावर १९७६ मध्येच लिहिलं गेलंय. गोळा फुटत नाही त्याचं ते कारण.

मामा : पिल्लाइचं सोड. आईचं सांग. तिच्याजवळ जाळं आलं, डाग फुगला, तुह्या त्या दोन पेशी पेटल्या. तरी ती काहून राहते?

भाची : तिची पिल्लं आहेत ती. तिचं रक्त. तुम्हाला हसू येईल, पण त्याचा हिशेबही त्याच हॅमिल्टनने मांडला. १९६४ मध्ये, बेडकांच्या सात वर्षं आधी. आपलं रक्त ज्यांच्यात आहे त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालणं कधी परवडतं, याचं गणित. थव्यातल्या शेजाऱ्यासाठी ते परवडत नाही, पिल्लासाठी परवडतं. मोठी झाली की मरळ एकटी राहते, थवा करत नाही, हेही त्यातच आलं.

मामा : म्हंजे आईची मायाबी हिशेबातच बसवली त्यानं.

भाची : माया हिशेबात बसते म्हणून ती खोटी होत नाही, मामा.

मामा : हे मातर बरं बोलली.

भाची : पण ती पळत नाही, हे तुम्हाला इतकं नक्की कसं ठाऊक? काठावरून बघून?

मामा : काठावरून कशाले. पिल्लाइचा गोळा दिसला की त्याच्याभोवती जाळं टाकाचं, आई आतच असते. माहा बाप तसंच करे.

भाची : आणि तुम्ही?

मामा : मीबी टाकलं.

भाची : पिल्लांचं काय झालं?

मामा : पिल्लं जाळ्याच्या भोकातून गेली. कोनी वाचली असन, कोनी नसन.

भाची : आता टाकता?

मामा : आमच्या भोयांच्या सोसायटीत ठरलं हाय, पावसाळ्यात पिल्लावालीले हात नाही लावाचा. मी लावत नाही. पन आदिलाबादच्या बाजारात कोरमेनूचा, म्हंजे मरळीचा, भाव काय चालते, ते पाय एकदा जाऊन, मंग दुसऱ्याइले जाऊन सांग तुह्या हॅमिल्टनचं गनित.